लीहायटनच्या माळावर भास्कर

ऑगस्ट संपत आलाय. सूर्य टेकड्यांच्या मागे उतरलाय, पण माळावर अजून चांगला उजेड आहे आणि पडदा कोरा आहे. तो इतका रुंद आहे, की एका नजरेत मावावा म्हणून आम्ही गाडी आणखी दोन रांगा मागे घेतो. टॉर्च घेतलेला एक मुलगा हातानेच खुणा करतो : डावीकडे, थोडं पुढे, बस. गाडीची पुढची चाकं मातीच्या उंचवट्यावर चढतात, बोनेट वर होतं आणि समोरच्या काचेत पडदा बरोबर मधोमध येतो.

"हे मुद्दाम केलंय की काय?" ताई विचारते.

मुद्दामच केलंय. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावच्या रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने आपल्या घराच्या आवारात झाडांना चादर बांधली, गाडीच्या बोनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि चाकांखाली ठोकळे सरकवत हा चढाचा हिशेब बसवला. पुढच्या गाडीचं टप आड येता कामा नये, एवढ्यासाठी. १९३३ च्या मे महिन्यात त्याला पेटंट मिळालं आणि ६ जूनला त्याचं पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांवर ठिकाणं होती. आता त्यातली शेकड्यांत उरलीत. पेनसिल्व्हेनियातलं, लीहायटन गावाबाहेरचं हे महोनिंग ड्राइव्ह-इन त्यांपैकी एक. हे दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत उभं राहिलं आणि आजही सिनेमा पस्तीस मिलिमीटरच्या रिळांवरच दाखवतं. सगळीकडे डिजिटल यंत्रं आली तेव्हा ती घ्यायला इथे पैसे नव्हते. मग चालवणाऱ्यांनी ठरवलं, की जुनी यंत्रं आहेत तर जुनेच सिनेमे लावायचे. नव्या सिनेमांना मिळाली नसती एवढी माणसं आज माझ्या आजूबाजूला आहेत.

आमच्या उजवीकडे एक म्हातारा आपली पिकअप उलटी लावतोय. मागचं फळकूट खाली पाडून तो त्यावर गादी पसरतो, दोन उश्या ठेवतो, बायकोला हात देऊन वर घेतो. पलीकडे कॉलेजातली पोरं तंबू ठोकताहेत. सिनेमा संपला की ती इथेच झोपणार. एका मुलीच्या काळ्या टी-शर्टवर बकऱ्याचं डोकं आणि पाच टोकांची चांदणी आहे. खाण्याच्या खोपटासमोर रांग लागलीय, मक्याच्या लाह्यांचा आणि तळणीचा वास माळभर पसरलाय. गाड्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर लावलेले, त्यामुळे एकच गाणं पन्नास गाड्यांतून ऐकू येतंय.

"एवढ्या लांब आणलंस," ताई म्हणते, "आणि बघायचं काय, तर सैतान?"

"सैतान नाही गं. भास्कर."

न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून येताना मी तिला थोडं सांगितलंय, सगळं नाही. ताई गेली कित्येक वर्षं भरतनाट्यम शिकवते. तिच्या तळघरातल्या लाकडी जमिनीवर मराठी, तमिळ, तेलुगू घरांतल्या मुली अरमंडीत बसून घामाघूम होतात. भुताखेतांच्या सिनेमाच्या ती वाऱ्याला उभी राहत नाही. आम्ही साताऱ्यात वाढलो. रामसे बंधूंच्या सिनेमांची पोस्टरं लागली, की ताई शाळेला जाताना रस्त्याची कड बदलायची. मी मात्र त्या पोस्टरांसमोर थांबायची. आज ती माझ्याबरोबर आलीय ती एका नर्तकासाठी, आणि हा नर्तक कुठल्या सिनेमात सापडतो हे कळल्यावर तिने गाडीत बराच वेळ काही बोलणंच सोडलं होतं.

उजेड ओसरतोय. टॉर्चवाली पोरं रांगांमधून फिरून गाड्यांचे दिवे बंद करायला सांगताहेत. रेडिओवरचं गाणं थांबतं, खरखर येते. मागच्या खोलीतून प्रकाशाचा झोत निघतो, त्यात किडे चमकतात, आणि लगेच हॉर्न वाजायला लागतात. शंभर गाड्यांचे एकदम. ड्राइव्ह-इनमध्ये टाळ्या अशा वाजवतात.

'आय ड्रिंक युअर ब्लड'. दिग्दर्शक डेव्हिड डर्स्टन, १९७०.

पहिलंच दृश्य रात्रीचं, रानातलं. आग पेटलीय. तिच्याभोवती उघडेनागडे तरुण-तरुणी, आणि मध्ये त्यांचा म्होरक्या, हॉरेस बोन्स. लांब केस, सावळी कातडी, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. तो सैतानाला आवाहन करतोय. हाच भास्कर.

मी पडद्याकडे बघत नाही, ताईकडे बघते. ती नजर वळवेल असं मला वाटत होतं. ती सीटवरून पुढे सरकते आणि डॅशबोर्डवर दोन्ही कोपरं टेकते.

"पाठ बघ," ती म्हणते.

मी पाठ बघते. बाकीचे नट आगीभोवती बसलेत तसे कोणीही बसतं, खांदे पडलेले, मान पुढे. या माणसाचा कणा मात्र सरळ उभा आहे, आणि पसरलेल्या हाताचा जोर खांद्यातून येत नाही, पाठीच्या मध्यातून येतो. बोटांच्या टोकापर्यंत हात जिवंत आहे. मनगट सैल पडलेलं नाही.

"हे शिकवून येत नाही. घोटून येतं," ताई म्हणते. "आणि डोळे! मान हलली नाही, नुसते डोळे गेले कडेला. साची दृष्टी. अरे देवा, सैतानाच्या पूजेत साची दृष्टी!"

ती हसत नाहीये. गुरूने शिष्येच्या अडव्याकडे बघावं तशी ती बघतेय.

चित्राला लाली चढलीय. त्या काळच्या रंगीत फिल्मचा निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि उरतो तो गुलाबी-तांबूस. रान तांबूस, चंद्रप्रकाश तांबूस, माणसांची कातडी तर विचारूच नका. मध्येच चित्र उडी मारतं, अर्धं वाक्य गिळलं जातं. तिथे जोड आहे. आणि या सिनेमातल्या प्रत्येक जोडामागे कोणाचा तरी हात असू शकतो. हिंसेसाठी 'एक्स' प्रमाणपत्र मिळालेल्या पहिल्यावहिल्या अमेरिकन सिनेमांपैकी हा एक. तेव्हा प्रती गावोगाव निघाल्या होत्या आणि 'एक्स' चालेना. निर्माता जेरी ग्रॉस याने थिएटरवाल्यांवरच सोडून दिलं, की तुमच्या गावाला जेवढं खपेल तेवढं ठेवा, बाकीचं कापा. मग कुठे प्रोजेक्टर चालवणाऱ्याने कात्री लावली, कुठे मालकाने. एका गावात बघितलेला सिनेमा दुसऱ्या गावातल्या सिनेमाशी जुळेनासा झाला. आत्ता समोर जी उडी बसली ती झिजेची असेल, किंवा पन्नास वर्षांपूर्वी कुठल्याशा ड्राइव्ह-इनच्या खोलीत एका माणसाने घेतलेल्या निर्णयाची असेल. मला या उड्या प्रिय आहेत. स्वच्छ केलेली, सगळे तुकडे परत बसवलेली डिजिटल प्रत मी घरी बघितलीय, तिच्यात हा माणसांचा वावर नाही.

गोष्ट पुढे सरकते. हॉरेसची टोळी एका ओस पडलेल्या गावात येऊन राहते. जवळ धरण होणार म्हणून माणसं निघून गेलीत. हे गाव खरं आहे : न्यूयॉर्क राज्यातलं शॅरन स्प्रिंग्स. गंधकाच्या झऱ्यांसाठी एके काळी श्रीमंत मंडळी तिथे हवापालटाला यायची, मोठमोठी हॉटेलं होती. सिनेमावाले पोचले तेव्हा त्याची कळा गेली होती. निर्मात्याला भंगलेले व्हरांडे, सोललेला रंग, फुटकी तावदानं हे सगळं आयतं मिळालं. कॅमेरा या घरांवरून फिरतो तेव्हा मी प्रत्येक वेळी सावरून बसते. कुठल्याही कलादिग्दर्शकाला जमली नसती अशी पडझड आहे ती, खऱ्या हिवाळ्यांनी केलेली.

अशा सिनेमांचं गणित समजून घेतलं, की त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागतो. मोठ्या स्टुडिओंचे नवे सिनेमे शहरातल्या थिएटरांना आधी मिळायचे, ड्राइव्ह-इनला मागाहून, शिळे झाल्यावर. पण ड्राइव्ह-इनला तर दर आठवड्याला दोन-दोन सिनेमे हवे असत. ती पोकळी छोट्या कंपन्यांनी भरली. त्यांतली सगळ्यांत गाजलेली अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, निकल्सन आणि आरकॉफ या जोडीची. आधी नाव, मग पोस्टर, मग कथा, या क्रमाने तिथे काम चाले. आणि १९६८ मध्ये 'रोझमेरीज बेबी'ने दाखवून दिलं, की सैतानाचं नाव घेतलं की रांगा लागतात. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅन्सनच्या टोळीने कॅलिफोर्नियात खून पाडले आणि केसाळ, अनवाणी तरुणांच्या टोळक्याकडे बघण्याची सगळ्या देशाची नजर बदलली. हॉरेस बोन्स या दोन गोष्टींच्या पोटचा आहे.

सैतान स्वस्तही पडतो. अवाढव्य कोळी किंवा समुद्रातला राक्षस करायचा तर रबर लागतं, तारा लागतात, महिनेच्या महिने लागतात. डेनिस म्युरेन नावाच्या विशीतल्या पोराने काही हजार डॉलरांत, मित्रांना जमवून, 'इक्विनॉक्स'मधले राक्षस एकेक चौकट हलवून जिवंत केले. तोच पुढे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि 'जुरासिक पार्क'च्या करामतींसाठी ऑस्कर घेऊन गेला. पण असा म्युरेन सगळ्यांना कुठून मिळणार? सैतान पडद्यावर आणावाच लागत नाही. जमिनीवर खडूचं वर्तुळ, चार मेणबत्त्या, एक सुरी, आणि ज्याचा त्यावर विश्वास आहे असं वाटेल असा एक माणूस. खर्च वाचतो, पण सगळा भार त्या माणसावर येतो. त्याचं अंग खोटं बोललं की वर्तुळ म्हणजे नुसता खडू राहतो. 'द ब्रदरहूड ऑफ सेटन', 'सायमन, किंग ऑफ द विचेस', 'रेस विथ द डेव्हिल' यांच्या पूजेच्या दृश्यांत हीच कसोटी लागते. आज माझ्यासमोर ती कसोटी एक भरतनाट्यम शिकलेला माणूस देतोय.

"हा होता कोण?" ताई अंधारातच विचारते. नजर पडद्यावर.

मी आवाज थोडा कमी करून सांगते. भास्कर रॉय चौधरी. वडील देवीप्रसाद रॉय चौधरी.

ताई झटकन माझ्याकडे वळते. "शिल्पकार? मद्रासच्या आर्ट स्कूलचे?"

तेच. मरीना किनाऱ्यावर दगड ढकलणाऱ्या चार कामगारांचा पुतळा आहे, तो त्यांचा. दिल्लीला दांडीयात्रेची ग्यारह मूर्ती आहे, ती त्यांची. नोटबंदीआधीच्या पाचशेच्या नोटेच्या मागच्या बाजूला गांधीजी काठी घेऊन पुढे निघालेत आणि मागे माणसं आहेत, ते चित्र ज्या शिल्पावरून घेतलं ते त्यांचं. त्यांचा हा मुलगा, मद्रासला वाढलेला. १९५० च्या दशकात तो न्यूयॉर्कला आला आणि भारतीय नृत्याचे कार्यक्रम करू लागला. भरतनाट्यम म्हणजे काय हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक होतं तेव्हापासून तो इथल्या रंगमंचावर नाचत होता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचं आडनावही नाही. नुसतं 'भास्कर'.

ताई काही बोलत नाही. मला वाटतं तिच्या डोळ्यांसमोर तिचे स्वतःचे पहिले कार्यक्रम आले असतील, देवळांच्या आणि शाळांच्या हॉलमधले, खुर्च्या स्वतः मांडून केलेले. पण तिला हे मी विचारत नाही, कारण पडद्यावर आता मांसाचे पाय आलेत.

पाय म्हणजे इथले मैद्याच्या पारीत मांसाचं सारण भरून भाजलेले. गावातल्या एका मुलाच्या आजोबांना टोळीने मारहाण केलीय, नशेचं औषध पाजलंय. मुलगा बंदूक घेऊन निघतो, वाटेत पिसाळलेला कुत्रा भेटतो, तो त्याला गोळी घालतो. मग पिचकारीने त्या कुत्र्याचं रक्त काढतो आणि बेकरीतल्या पायांमध्ये टोचतो. टोळीतले लोक ते विकत घेतात, खातात.

पिकअपमधला म्हातारा मोठ्याने म्हणतो, "खाऊ नका रे!" माळभर हशा पिकतो. कोणीतरी हॉर्न वाजवतं.

इथून पुढे हा सिनेमा सैतानाचा राहत नाही. मंत्र, सुरी, वर्तुळ सगळं मागे पडतं आणि एक रोग अंगात शिरतो. डर्स्टनने इराणमधल्या डोंगराळ गावावर पिसाळलेल्या लांडग्यांनी हल्ला केल्याची बातमी वाचली होती आणि तिच्यावरून त्याला हे सुचलं. त्याने सिनेमाला नाव दिलं होतं 'फोबिया'. पिसाळलेल्याला पाण्याची भीती वाटते, ती भीती. ग्रॉसने ते पुसून रक्त पिण्याचं नाव लावलं, आणि सिनेमात रक्त कोणीच पीत नाही. पण मला डर्स्टनचं मूळ नाव खरं वाटतं. हातात सुऱ्या-कुऱ्हाडी घेतलेला जमाव पाण्यापुढे दचकून मागे सरतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. तोंडाला फेस आहे, दाढीच्या साबणाचाच असावा, पण पाणी बघून ते जसे अंग चोरतात ते साबणाचं काम नाही.

मराठी माणसाला हा रोग सांगावा लागत नाही. साताऱ्यात आमच्या गल्लीत कुत्रं पिसाळलं म्हणून ओरड झाली, की दारं धडाधड लागायची. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी प्रत्येक घरात होत्या. अमेरिकन प्रेक्षकाला इथे राक्षस दिसत असेल, मला आमची गल्ली दिसते.

आता एक बाई पडद्यावर येते. चिनी वंशाची, वयस्कर, स्थिर चेहऱ्याची. टोळीतली स्यू-लिन. आपल्याला काय झालंय हे कळल्यावर ती अंगावर पेट्रोल ओतून घेते. व्हिएतनाममध्ये स्वतःला जाळून घेणाऱ्या भिक्षूंची छायाचित्रं तेव्हा जुनी झाली नव्हती. काडी ओढण्याआधी ती मांडी घालते. कसलीही घाई नाही.

"हीसुद्धा नाचणारी आहे," ताई म्हणते. मी याबद्दल तिला काही सांगितलेलं नव्हतं.

खरंच आहे. तिचं नाव जेडिन वाँग. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फॉर्बिडन सिटी' या नाइटक्लबमध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून, ती नाचायची. चिनी मुलींचे पाय नाचण्याजोगे नसतात असं गोरे लोक खुशाल म्हणत त्या काळात. म्हणजे या स्वस्त सिनेमात दोन नर्तक आहेत, एक मद्रासचा, एक कॅलिफोर्नियाची. दोघांनाही मोठ्या स्टुडिओंनी अशी भूमिका दिली नसती, जिच्यावर चौकट उभी राहते. मी ड्राइव्ह-इनच्या सिनेमांना मानते ते यासाठी. पैसा नसल्यामुळे त्यांना नावाजलेला चेहरा परवडत नव्हता, मग ज्याच्या अंगात काही आहे असा माणूस कुठूनही घ्यावा लागे. कॅन्ससमध्ये शैक्षणिक फिल्म बनवणाऱ्या हर्क हार्व्हीने १९६२ मध्ये 'कार्निव्हल ऑफ सोल्स' काढला तेव्हा न्यूयॉर्कहून एका फारशा माहीत नसलेल्या नटीला बोलावलं आणि सॉल्ट लेकच्या काठचा ओसाड नाचमंडप गाठला. रामसेंनीही हेच केलं. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं कुटुंब उचलून महाबळेश्वरला नेलं, भाऊच दिग्दर्शक, भाऊच कॅमेरामन, भाऊच आवाजाला, आणि धुकं फुकट. आमच्या घरापासून बसने दोन तासांवर हे चाललं होतं, हे कळायला मला पेनसिल्व्हेनियापर्यंत यावं लागलं.

शेवटाकडे हॉरेसच्या हातात तलवार येते. तोंडाला फेस, केस विस्कटलेले, डोळे फिरलेले. इतर सगळे पिसाळलेले धडपडताहेत, एकमेकांवर आदळताहेत, त्यांच्या अंगाला दिशा नाही. हा मात्र वळतो तेव्हा आधी टाच ठरते, मग कंबर वळते, मग खांदा. तलवार हाताच्या पुढे जात नाही. शुद्ध हरपलेला माणूस दाखवायचाय आणि शरीर तर पुरतं शुद्धीवर. ताई आता डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरतेय. तिला ते जाणवलंही नसेल.

"रौद्र," ती म्हणते. "पण बघ, रौद्रात सुद्धा तोल सुटला नाही. माझ्या पोरींना दाखवायला हवं हे. एवढाच तुकडा. बाकीचं नको."

"बाकीचं का नको?"

"त्यांच्या आया मला जिवंत ठेवणार नाहीत."

सिनेमा संपतो. हॉर्न, दिव्यांची उघडझाप, आरोळ्या. पडद्यावर मध्यंतराची जुनी फिल्म येते : खाण्याच्या पदार्थांची जाहिरात आणि दुसरा सिनेमा सुरू व्हायला किती मिनिटं उरलीत ते सांगणारं घड्याळ. लोक खोपटाकडे धावतात. ड्राइव्ह-इनचं पोट तिकिटांवर कधीच भरलं नाही, ते या दहा मिनिटांवर भरतं.

मी यंत्रांच्या खोलीपाशी जाते. खिडकीतून आत बघू देतात. दोन अवजड यंत्रं शेजारी-शेजारी उभी आहेत, तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास येतोय. एक रीळ वीसेक मिनिटं चालतं. ते संपत आलं, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका दिसतो. तो बघून दुसरं यंत्र सुरू करायचं. थोड्या वेळाने दुसरा ठिपका. तो दिसला की एकाचं झाकण पाडून दुसऱ्याचं उघडायचं. चुकलं तर हजार डोळ्यांसमोर पडदा पांढरा पडतो. आतली बाई रीळ गुंडाळताना फिल्मची कड दोन बोटांत धरून सोडते आहे. जोड आला की बोटांना कळतो. एका जोडापाशी ती यंत्र थांबवते, फिल्म दिव्यापुढे धरते, जुनी पट्टी नखाने सोलून काढते आणि नवी लावते. "ही धरणार नव्हती," ती म्हणते, आणि पुन्हा गुंडाळायला लागते. २०२१ मध्ये हा माळ सौरऊर्जेच्या पॅनेलांसाठी जाणार होता. प्रेक्षकांनी इतका ओरडा केला, की काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. या खोलीच्या दारात उभं राहिलं, की तो ओरडा का झाला हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.

परत येते तर ताई गाडीत नाही. ती शेजारच्या पिकअपपाशी उभी आहे आणि म्हातारा गादीवरून खाली उतरलाय.

"मी हा सिनेमा तेव्हा पाहिलाय, आलाच होता नुकता," तो तिला सांगतोय. "इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मेक्सिकन असावा. किंवा इथला आदिवासी."

"भारतीय," ताई म्हणते. "मद्रासचा. नर्तक. माझ्याच शैलीचा."

"पुढे काय झालं त्याचं?"

ताई माझ्याकडे बघते. हा भाग मी गाडीत सांगितलेला नव्हता. आता सांगते. १९७७ मध्ये तो रंगमंचावरून खाली पडला आणि त्याचे पाय गेले. नाचणं संपलं. त्यानंतर तो चित्रं काढत राहिला, वडिलांच्या वाटेने. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला.

म्हाताऱ्याची बायको "अरेरे" म्हणते आणि उशी बाजूला सारून ताईला बसायला जागा करते. ताई बसत नाही. पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलंय, दुसरा सिनेमा सुरू झालाय : 'आय ईट युअर स्किन'. १९६४ मध्ये डेल टेनीने फ्लोरिडात काढलेला, काळा-पांढरा, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला. जोडीला दुसरा सिनेमा हवा म्हणून ग्रॉसने तो उचलला आणि पहिल्याशी यमक जुळेल असं नाव लावलं. त्यात कातडी कोणी खात नाही. बेटावरचं वूडू आहे, अंड्यासारख्या डोळ्यांची प्रेतं आहेत, आणि अंगात मुरलेलं असं कोणीही नाही. पाच मिनिटांत ते कळतं.

"म्हणजे ते डोळ्यांचं काय सांगत होतात तुम्ही?" म्हातारी विचारते. "मान न हलवता?"

ताई चपला काढते. गवतावर पाय जुळवते, गुडघे बाहेर काढून अरमंडीत बसते, हात खांद्याच्या रेषेत पसरते. मागच्या गाडीतल्या त्या काळ्या टी-शर्टवाल्या मुलीने आपला टॉर्च लावून तिच्या चेहऱ्यावर धरलाय. ताईची मान स्थिर आहे. डोळे एका कडेला जातात, थांबतात, दुसऱ्या कडेला जातात.

"परत एकदा," मुलगी म्हणते. "सावकाश करा ना." आणि टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन स्वतःही गुडघे वाकवून बघते.

"पाठ," ताई तिला म्हणते, "आधी पाठ सरळ कर."